नॅनो पार्टिकल्सनी उंदरांमधला ऑटिझम गेला म्हणतात, आमच्या मुलीसाठी याचा अर्थ काय घ्यायचा?

ओवीची_आई

नमस्कार, मी इथे वाचत असते पण लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगी पाच वर्षांची आहे, ऑटिझमचं निदान होऊन दोन वर्षं होत आली. अजून शब्द नाहीत, स्पीच आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) दोन्ही चालू आहे आणि फरक पडतोय, आधी नुसती रडायची आता हात धरून नेते आणि हवं ते दाखवते, आमच्यासाठी ही खूप मोठी गोष्ट आहे.

तर झालं असं की मागच्या आठवड्यात मोठ्या जाऊबाईंनी एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस सांगतोय की शास्त्रज्ञांनी ऑटिझम असलेल्या उंदरांना नॅनो पार्टिकल्स दिले आणि ते उंदीर पूर्ण नॉर्मल झाले, एकमेकांत मिसळायला लागले, तेच तेच करणं बंद झालं. आणि व्हिडिओच्या खाली लिंक, नॅनो करक्युमिनचे ड्रॉप्स, जिभेखाली टाकायचे. मला आधी वाटलं थापा असतील पण मी शोधलं तर खरंच संशोधनाचे पेपर निघाले, करक्युमिनवर आहेत, सोन्याच्या कणांवर आहेत, एक्सोझोम म्हणून काहीतरी आहे त्यावर पण आहेत. मिस्टर म्हणतात हळदीतलंच तर आहे, देऊन बघू, नुकसान तर नाही ना.

मला तीन दिवस झोप नाही. एकीकडे वाटतं की खरंच काही असेल आणि आपण दिलं नाही तर वेळ निघून जाईल, सगळे लहान वयात करा लहान वयात करा म्हणतात. दुसरीकडे भीती वाटते. मला मुळात हेच कळत नाहीये की उंदराला ऑटिझम आहे हे ठरवतात कसं? उंदीर तर कोणीच बोलत नाहीत. आणि हे नॅनो म्हणजे नक्की औषध असतं का? कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सोप्या भाषेत सांगा.

---

पारिजात७

ताई, आधी एक करा, ड्रॉप्स मागवू नका, निदान या धाग्यावर दोन चार जण बोलेपर्यंत तरी. बाकी जाणकार सांगतीलच.

---

प्रयोगवही

ओवीची आई, तुम्ही विचारलंत ते फार योग्य विचारलंत. मी औषधं शरीरात पोहोचवण्याच्या पद्धतींवर काम करते, प्राण्यांवरचे प्रयोग जवळून पाहिलेत, ऑटिझमची डॉक्टर नाही, त्यामुळे मुलीच्या उपचारांबद्दल तुमच्या डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनचंच ऐका. पण उंदरांच्या खोलीत काय चालतं ते सांगू शकते.

उंदराला ऑटिझम "होत" नाही. आपण त्याच्यात असं काहीतरी घडवतो जे माणसात ऑटिझमशी जोडलेलं आहे, आणि मग त्याच्या वागण्यात दोन तीन गोष्टी मोजतो. खूप वापरलं जाणारं एक मॉडेल म्हणजे व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिडचं. हे फिट्सचं जुनं औषध. गरोदरपणी आईने ते घेतलेलं असेल तर मुलात ऑटिझमचं प्रमाण वाढतं हे माणसांत दिसलंय, डेन्मार्कच्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींवरून २०१३ साली जो अभ्यास आला त्यात हे प्रमाण एरवी दीड टक्क्याच्या आसपास तर या मुलांत साधारण ४.४ टक्के निघालं. (कोणी गरोदर बाई हे औषध घेत असेल तर वाचून घाबरून स्वतःहून बंद करू नये, फिट येणं आई आणि बाळ दोघांना धोक्याचं असतं, डॉक्टरांशी बोलावं.) तर गाभण रॅटला (उंदराचाच मोठा प्रकार) साधारण बाराव्या दिवशी या औषधाचं मोठं इंजेक्शन देतात आणि जी पिल्लं होतात त्यांच्यावर प्रयोग करतात. दुसरा प्रकार जीन बदललेल्या उंदरांचा, शँक३ किंवा एफएमआर१ जीन बंद केलेले. तिसरा बीटीबीआर नावाचा उंदरांचा वाण, तो मुळातच कमी मिसळतो आणि सारखं अंग साफ करत बसतो, पण त्याच्या मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा मधला पट्टा जन्मापासूनच नसतो. ऑटिझम असलेल्या बहुतेक माणसांत असं नसतं. म्हणजे बघा, तीन मॉडेलं आणि तिघांचं कारण वेगळं. माणसात तर शंभराहून जास्त जीन ऑटिझमशी जोडलेले सापडलेत, त्यामुळे एका मॉडेलमध्ये चाललेलं दुसऱ्यात चालेलच असं प्रयोगशाळेतसुद्धा नसतं.

आता मोजतात काय. एक तीन कप्प्यांची पेटी असते, एका बाजूला अनोळखी उंदीर जाळीत, दुसऱ्या बाजूला एखादी वस्तू, आणि आपला उंदीर कुठल्या कप्प्यात जास्त वेळ घालवतो ते सेकंदात मोजायचं. दुसरं, पिंजऱ्यातल्या भुशावर काचेच्या गोट्या मांडून ठेवायच्या आणि अर्ध्या तासात किती पुरल्या ते मोजायच्या, ते "तेच तेच करणं" धरतात. तिसरं, अंग चाटत किती वेळ बसला. पिल्लं आईपासून लांब केल्यावर माणसाला ऐकू न येणारा जो बारीक आवाज काढतात तोही मोजतात. व्हिडिओतला माणूस "पूर्ण नॉर्मल झाले" म्हणतो तेव्हा खरा अर्थ एवढाच असतो की कप्प्यातले सेकंद वाढले आणि पुरलेल्या गोट्या कमी झाल्या. हे क्षुल्लक नाही, मेंदूत काहीतरी बदललं म्हणूनच हे बदलतं, पण तुमच्या मुलीने तुमचा हात धरून नेणं आणि उंदराचे कप्प्यातले सेकंद ही एकाच मापाने मोजायची गोष्ट नाही.

नॅनोबद्दल. नॅनो हे औषधाचं नाव नाही, आकाराचं आहे, साधारण १ ते १०० नॅनोमीटर, आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. बहुतेक वेळा नॅनो कण म्हणजे गाडी, औषध आत बसलेलं असतं. गाडीची गरज का, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांना आतून एक घट्ट अस्तर असतं, ब्लड ब्रेन बॅरियर म्हणतात, आणि बहुतेक औषधं ते ओलांडू शकत नाहीत. करक्युमिनची अडचण त्याच्याही आधी सुरू होते, ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि जे शोषलं जातं ते लिव्हर पटकन बदलून बाहेर टाकतं, म्हणून त्याला चरबीच्या किंवा पॉलिमरच्या कणात भरतात. कल्पना चांगलीच आहे. पण शिरेतून दिलेल्या नॅनो कणांचं काय होतं ते आम्ही रोज बघतो, मोठा वाटा लिव्हर आणि प्लीहेत जाऊन बसतो, मेंदूत पोहोचतो तो अगदी थोडा. २०१८ मध्ये लिपिड नॅनो कणांत भरलेलं पॅटिसिरॅन नावाचं औषध मंजूर झालं ते यशस्वी का झालं, तर ज्या प्रोटीनमुळे आजार होता ते लिव्हरमध्येच बनत होतं, कण जिथे एरवी जातात तिथेच काम होतं. मेंदूच्या बाबतीत ही सोय नाही.

काही कण मात्र स्वतःच काम करतात, म्हणजे गाडी नाही तर मजूरच. सेरियम ऑक्साइडचे कण पेशीतले त्रासदायक ऑक्सिजनचे रेणू शांत करतात आणि पुन्हा पुन्हा तेच काम करू शकतात. ऑटिझमच्या मॉडेलांत मेंदूतला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (याच रेणूंनी पेशींवर येणारा ताण) आणि सूज वाढलेली दिसते म्हणून अशा कणांकडे लोकांचं लक्ष आहे. पण रॅटमधला स्ट्रेस कमी झाला आणि वागणं सुधारलं म्हणून मुलांमधल्या ऑटिझमचं कारण तेच होतं असं म्हणता येत नाही ना, व्हॅल्प्रोइकनेच तो स्ट्रेस निर्माण केलेला असू शकतो, मग आपण त्या इंजेक्शनचा परिणाम पुसला एवढंच झालं.

ड्रॉप्स देऊ नका. बाकीचं नंतर लिहिते, लॅबमध्ये जायचंय.

---

निळी_छत्री

ताई, मी तुमच्या पुढच्या वळणावर उभी आहे म्हणून लिहिते. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. तो सात वर्षांचा असताना आम्ही पण असंच एक केंद्र गाठलं होतं, नाव घेत नाही, त्यांनी स्टेम सेल आणि मग एक्सोझोम असं पॅकेज सांगितलं, भिंतीवर उंदरांचे ग्राफ लावलेले होते आणि मी त्या ग्राफकडे बघून रडले होते कारण कोणीतरी पहिल्यांदा मला वर जाणारी रेघ दाखवत होतं. आम्ही एक इंजेक्शन घेतलं. मुलाला दोन दिवस ताप, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे त्याला सुईची जी भीती बसली ती अजून आहे, साधं रक्त तपासायचं तरी चार माणसं लागतात. फरक? त्या वर्षी तो थोडं बोलायला लागला होता, केंद्रवाले म्हणाले आमच्यामुळे. पण त्याच वर्षी आम्ही स्पीच बदललं होतं आणि तो टॅबवर चित्रं दाबून बोलायला शिकला होता. कशामुळे झालं हे मला आयुष्यात कधीच कळणार नाही आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं. तुम्ही ड्रॉप्स चालू केलेत आणि मुलगी सुधारली तर तुम्हालाही कळणार नाही की ओटीने सुधारली की ड्रॉप्सने, आणि मग ते बंद करायची हिंमत होत नाही.

वेळ निघून जाईल ही भीती मला पाठ आहे. ती भीतीच आपल्याला विकली जाते.

---

ओवीची_आई

निळी छत्री ताई, वाचून रडू आलं. हात जोडते तुम्हाला. प्रयोगवही ताई, तुम्ही एवढं लिहिलंत, मी मिस्टरांना वाचून दाखवलं, ते आता गप्प आहेत पण त्यांचा एक प्रश्न आहे आणि तो मलाही पडलाय. उंदरांवर आधी करूनच तर सगळी औषधं येतात मग यालाच एवढा संशय का? आणि ते सोन्याचे कण, त्यात तर जीनच दुरुस्त केला असं लिहिलं होतं, तो पण खोटाच का?

---

प्रयोगवही

खोटा अजिबात नाही, उलट माझ्या मते या सगळ्यातलं ते सगळ्यात नेटकं काम आहे. २०१८ साली आलं, क्रिस्पर गोल्ड म्हणतात त्याला. फ्रॅजाइल एक्स नावाची एक आनुवंशिक अवस्था आहे, त्यात एफएमआर१ जीन बंद पडतो आणि त्या मुलांत ऑटिझम बऱ्याचदा दिसतो. या उंदरांच्या मेंदूत एमग्लूआर५ नावाचा एक रिसेप्टर (पेशीवरचं निरोप घेणारं प्रोटीन) जास्त जोरात काम करतो अशी धारणा होती. मग संशोधकांनी सोन्याच्या कणांवर जीन कापणारं क्रिस्परचं प्रोटीन चढवलं, वरून पॉलिमरचं आवरण दिलं, आणि ते मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात सोडलं. म्हणजे एफएमआर१ दुरुस्त केला नाही, तो बंदच राहिला, दुसराच जीन कमी केला, तो रिसेप्टर तिथे जवळपास निम्म्यावर आला. उंदरांचं उकरणं साधारण ३० टक्के आणि सारखं उड्या मारणं साधारण ७० टक्के कमी झालं. पण दोन गोष्टी बघा. सुई थेट मेंदूत होती, नॅनो कण रक्तातून मेंदूत गेलेच नाहीत, तो अडथळा त्यांनी बाजूने टाळला. आणि हाच रिसेप्टर गोळीने दाबायचा प्रयत्न माणसांत आधीच होऊन गेला होता, मॅव्होग्लुरँट नावाचं औषध, उंदरांमध्ये या वाटेने इतकं छान दिसलं होतं की मोठी आशा होती, फ्रॅजाइल एक्सच्या मोठ्यांमध्ये आणि किशोरवयीन मुलांमध्ये चाचण्या झाल्या, फायदा दिसला नाही आणि २०१४ मध्ये कंपनीने तो कार्यक्रम थांबवला.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सगळी औषधं उंदरांवरून येतात हे बरोबर, पण उंदरांवरून निघालेली बहुतेक वाटेत गळतात, आणि ऑटिझमच्या बाबतीत तर फारच. ब्युमेटानाइड, लघवीचं साधं औषध, व्हॅल्प्रोइकच्या रॅट्समध्ये आणि फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांमध्ये २०१४ साली फार सुंदर निकाल आले, मुलांमधल्या छोट्या चाचण्याही आशादायक होत्या, मग ४०० हून जास्त मुलांवर मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०२१ मध्ये त्या मधेच थांबवल्या कारण खऱ्या औषधात आणि खोट्या औषधात (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं) फरकच दिसेना. ऑक्सिटोसिन या हार्मोनचंही तसंच, उंदरांमध्ये मिसळणं वाढतं, पण २९० मुलांवरच्या चाचणीत २४ आठवडे नाकात स्प्रे दिला तेव्हा फरक दिसला नाही, हेही २०२१चंच. आजपर्यंत अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) ऑटिझमसाठी म्हणून जी दोन औषधं मान्य केलीत, रिस्पेरिडोन २००६ मध्ये आणि एरिपिप्राझोल २००९ मध्ये, ती चिडचिड आणि आक्रमकपणा यासाठी आहेत, संवादासाठी नाहीत.

एक्सोझोमबद्दलही तेच. पेशी स्वतः जे बारीक फुगे बाहेर सोडतात ते एक्सोझोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे, म्हणजे निसर्गाचे नॅनो कणच म्हणा. स्टेम सेलमधून काढलेले एक्सोझोम नाकावाटे दिले तर बीटीबीआर उंदरांत २०१८ ला आणि शँक३च्या उंदरांत २०२० ला वागणं सुधारलं, तेल अवीवच्या गटाचं काम आहे, मला ते वाचायला आवडलं होतं, नाकाची वाट हुशारीची आहे. पण त्याच्याच मधल्या काळात, २०१९ च्या डिसेंबरमध्ये, एफडीएला लोकांना सावध करावं लागलं की बाजारात एक्सोझोम विकणारे आहेत, एकही मान्यताप्राप्त नाही आणि रुग्णांना त्रास झालाय. निळी छत्रीताईंनी जे सोसलं ते यातलंच.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची होती ती. "नुकसान तर नाही ना" हे नॅनोच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा रंग यावा म्हणून गोळ्यांवर, टूथपेस्टमध्ये घालतात ते, त्याचे नॅनो कण गाभण उंदरांना दिले तर पिल्लांच्या वागण्यात ऑटिझमशी मिळतेजुळते बदल दिसले असं २०१८ मध्ये छापून आलंय. म्हणजे ज्या चाचण्यांवर आपण नॅनोला उपचार म्हणतो त्याच चाचण्यांवर दुसरा नॅनो कण दोषी निघतो. चांदीचे कण असलेले थेंबही लोक सगळ्या आजारांवर विकतात, ते दीर्घकाळ घेतले तर कातडी कायमची निळसर राखाडी होऊ शकते. पदार्थ नैसर्गिक असला तरी कणाचा आकार, आवरण, त्यातलं सर्फॅक्टंट (कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेला साबणासारखा पदार्थ) बदललं की तो शरीरात वेगळ्या ठिकाणी जातो, आणि ते आवरण पाच वर्षांच्या मुलीला रोज देऊन काय होतं हे पेपरातल्या रॅटवरच्या तीन आठवड्यांच्या प्रयोगावरून कळत नाही. बाटलीत खरंच नॅनो काही आहे का हा प्रश्न तर मी अजून विचारलेलाच नाही.

अजून एक, आमच्याच लोकांची चूक आहे पण सांगायला हवी. व्हॅल्प्रोइकचं इंजेक्शन आईला दिलं जातं पिल्लाला नाही, त्यामुळे एका वेताची सगळी पिल्लं एकमेकांसारखी असतात. आठ माद्यांपासून चाळीस पिल्लं झाली तर मोजायचं आठ, चाळीस नाही. २०१३ च्या एका आढाव्यात अशा ३४ अभ्यासांपैकी फक्त ३ जणांनी हे नीट धरलं होतं. म्हणून कुठलाही पेपर हातात आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही, पद्धतीच्या भागात जाते, किती वेतं, औषध कसं दिलं, कधी दिलं, मोजणाऱ्याला कोणता उंदीर कुठल्या गटातला हे माहीत होतं का.

---

शांत_कोपरा

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय ३१. निदान विशीनंतर झालं. एवढ्या लांब चर्चेत मधे बोलू का नको असा विचार करत होतो.

प्रयोगवही ताईंचं सगळं पटलं. फक्त त्या गोट्या पुरण्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. मी बोटं एका लयीत आपटतो, लहानपणी खूप डोलायचो. ते माझं आजारपण नव्हतं, आवाज असह्य झाला की त्यानेच मी टिकायचो. कोणी औषधाने माझं डोलणं बंद केलं असतं तर ग्राफ खाली आला असता आणि आवाज तसाच राहिला असता. उंदराला विचारता येत नाही की तू का उकरतोस, पण मला विचारता येतं, आणि ओवीलाही येईल, शब्दांनी नाही तर दुसऱ्या कशाने.

संशोधनाच्या विरोधात मी नाही. मला फिट्स येतात, झोप फार वाईट आहे, एखाद्या नॅनो कणाने फिटचं औषध कमी डोसमध्ये मेंदूत पोहोचलं तर मी पहिला रांगेत उभा राहीन. तिथे मोजायचं काय ते स्पष्ट आहे आणि मला काय हवंय तेही.

ओवी हात धरून नेते ना, मग ती बोलतेच आहे. टॅब किंवा चित्रांचा बोर्ड आत्ताच द्या, शब्द येण्याची वाट बघू नका, त्याने बोलणं मागे पडत नाही.

---

निळी_छत्री

टॅबबद्दल शंभर वेळा हो. आम्हाला लोकांनी घाबरवलं होतं की मग तो तोंडाने बोलायचाच नाही. उलट झालं.

---

ओवीची_आई

सगळ्यांना काय म्हणू. शांत कोपरा दादा, तुमचं वाचून मी ओवीजवळ जाऊन बसले, ती कपाटाचं दार उघडबंद करत होती, रोज मी थांबवते, आज नुसतं बघितलं. दर वेळी दार लागताना जो आवाज होतो तेव्हा ती डोळे मिटते. दोन वर्षांत मी हे बघितलंच नव्हतं. स्पीचच्या ताईंना चित्रांच्या बोर्डबद्दल सोमवारी विचारते.

आणि मी ड्रॉप्सवाल्यांना मेसेज केला की माणसांवरची चाचणी दाखवा. त्यांनी रॅटवरच्या एका पेपरची लिंक पाठवली. मी निष्कर्ष सोडून पद्धतीचा भाग उघडला, तुम्ही सांगितलंत तसं. किती वेतं ते कुठेच सापडलं नाही, कदाचित मला वाचता येत नसेल. औषध कसं दिलं तिथे फक्त "आय पी" लिहिलंय. त्याचा अर्थ काय?

---

प्रयोगवही

तुम्हाला वाचता येतंय, नीट वाचलंत. आय पी म्हणजे सुईने पोटाच्या पोकळीत दिलं.

---

ओवीची_आई

म्हणजे तोंडावाटे दिलंच नाही. आणि बाटलीवर जिभेखाली तीन थेंब लिहिलंय. मिस्टरांना दाखवलं, त्यांनीच ऑर्डरचं पान बंद केलं.